कोरडं झाकण

गरम भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवलं आणि थोड्या वेळाने उचललं, तर आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. आमच्या बेटावर ज्या घरातलं माणूस समुद्रावर गेलंय, ते घर या थेंबांवर जगतं. दूर गेलेल्या माणसाच्या नावाने वाडगा भरायचा, झाकायचा, त्याच्या जागेवर ठेवायचा. थेंब आले, म्हणजे तो जिवंत आहे. मेलेल्यांना आम्ही उघड्या वाडग्यात वाढतो. त्यांचं काही कळायचं बाकी नसतं.

माझ्या नवऱ्यासाठी मी दोन वर्षं झाकलेला वाडगा ठेवला. तो कोरियाच्या लढाईवर गेला होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या सोबत्याने त्याच्या केसांची बट आणून दिली आणि मी झाकण फळीवर ठेवून दिलं. पुढे काही वर्षांनी शेजारच्या टोफूवाल्याच्या घरात तसाच एक वाडगा ठेवला जाऊ लागला. ठेवणारा पुरुष होता. ज्या बाईसाठी तो ठेवायचा, ती समुद्रापलीकडची होती. आणि त्या वाडग्याचं झाकण त्याच्या बायकोने, सावाने, एकदाही ओलं राहू दिलं नाही.

सावा टोफूवाल्याची मुलगी. भाऊ माझ्या नवऱ्याबरोबरच गेला आणि त्याच्यासारखाच आला नाही. युद्धाच्या शेवटच्या वर्षी बोटी परतल्या तेव्हा त्यांत तांदूळ नव्हता, माणसं होती. तिकडून धरून आणलेली. कुणी कुंभार, कुणी विणकर, कुणी नुसतंच घाबरलेलं. त्यांतला एक म्हणाला, मला टोफू येतो. सावाच्या बापाचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. म्हणून सुनबोक त्यांच्या घरी दिला गेला, आणि दोन वर्षांनी, बाप गेल्यावर, सावाने त्याच्याशी लग्न केलं. केलं असंच म्हणते मी. त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याचा टोफू घट्ट असायचा. गवताच्या दोरीने बांधून हातात लटकवून न्या, तुटायचा नाही. दगडाच्या दाबाखालून लादी काढली की तो प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवायचा. खळगा तसाच राहिला तर ठीक, भरून आला तर पुन्हा दगड. त्याचा बाप असंच करायचा म्हणे. गावात सगळ्यांच्या ताटात त्याचा अंगठा असायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. सावाला वाटायचं. "दुसऱ्यांच्या घरी इतका जोरात कशाला दाबतोस?" म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

तिचा मत्सर घरातल्या चुलीसारखा होता. विझलेला दिसला तरी हात लावायची सोय नाही. सुनबोकने आपल्या भाषेत बोललेलं तिला चालत नसे. एकट्याने पुटपुटलेलंही नाही. तो जेवायला चमचा घ्यायचा, तो तिने विहिरीत टाकला. आमचं बंदर बेटाच्या उत्तर टोकाला आहे. हवा स्वच्छ असली की टेकडीवरून पलीकडचा किनारा निळ्या रेघेसारखा दिसतो. तशा दिवशी ती त्याला पाठमोरा बसवून टोफूचे सोयाचे दाणे निवडायला लावायची. झोपेत त्याने एक नाव घेतलं होतं, मालगुम. ते तिने मला विहिरीवर सांगितलं. सांगताना तोंड असं केलं होतं की जणू दाताखाली खडा आलाय.

लग्नानंतरच्या पहिल्या नव्या वर्षाला घरात पांढरा भात शिजला. आमच्याकडे डोंगर आणि दगड. भात पिकत नाही. बाराही महिने जव. पांढरा भात वर्षातून दोनदा, नव्या वर्षाला आणि शरदातल्या पौर्णिमेला, तोही मिळाला तर. सुनबोकने आपल्या वाट्यातला भात एका वाडग्यात काढला, झाकला आणि खोलीच्या उबदार कोपऱ्यात ठेवला.

"कुणाला?" सावाने विचारलं.

"आहे एक."

"आईला का?"

"आई माझ्या डोळ्यांदेखत गेली."

सावाने पुढे विचारलं नाही. झाकण होतं ना. तो सरपण आणायला मागे गेला. तिने झाकण उचललं. थेंब होते, टपोरे. तिने बाहीने ते पुसले, भात निवेपर्यंत वाडगा उघडा ठेवला आणि तो यायच्या आत झाकून टाकला. त्याने येऊन झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं. संध्याकाळी तोच भात तो माझ्याकडे घेऊन आला. "तू खा, तात्सू," म्हणाला. "घरात कुणी खाणार नाही."

मी खाल्ला. एका परक्या बाईच्या नावाचा भात मी वर्षानुवर्षं खाल्ला. चांगला असायचा.

"मेलेल्या सवतीशी मी भांडले असते," सावा मला म्हणायची. "समाधीवर जाऊन भांडले असते. हिच्याशी कुठे जाऊन भांडू? झाकणाखाली बसलीये."

मला तिचा हेवा वाटायचा. मत्सर करायला तिच्याकडे माणूस होता. त्या युद्धाने माझ्या घरातलं माणूस उचललं आणि तिच्या घरात एक आणून टाकलं, आणि तीच बाई रोज माझ्यापाशी रडायला यायची.

युद्ध संपलं होतं, पण तह झाला नव्हता. हा फरक पोटाला कळतो. पूर्वी आमचा तांदूळ पलीकडून यायचा. आता समुद्र होता तसाच होता आणि त्यावर एक होडी जात नव्हती. बोलणी चालली होती म्हणे. आधी वर्षभर वाद, की पहिलं पत्र कोणी लिहायचं. जो आधी लिहील तो हरला असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. मग पलीकडचे म्हणाले, आमच्या राजांच्या कबरी ज्यांनी उकरल्या ती माणसं द्या. इकडून दोघे पाठवले गेले. तेच ते होते का, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही. तिकडे विचारलं असेल, पण उत्तर ऐकायची तिकडेही कुणाला फारशी हौस नव्हती, असं लोक बोलायचे. मग ते म्हणाले, नेलेली माणसं परत करा.

तिथे तह आमच्या गल्लीत शिरला.

वसंतात त्यांच्या राजाचे वकील मोठ्या बोटींतून आले आणि आमच्या बंदरातून पुढे पूर्वेला राजधानीकडे गेले. उन्हाळ्यात परत येणार होते, वाटेत सापडतील तेवढी आपली माणसं गोळा करून. ते गेले त्याच दिवशी गेन्झाकाका टोफूच्या घरात येऊन बसला. हा आमच्या बंदराचा मुखिया. तरुणपणी पलीकडे राहून व्यापार केलेला, त्यामुळे तिकडची भाषा पाण्यासारखी बोलायचा. मी चोथा घ्यायला गेले होते, तिथेच थांबले.

"सुनबोक, ऐकलंस ना?" गेन्झाकाका म्हणाला. "ज्याला जायचंय त्याला अडवायचं नाही असा हुकूम आहे."

सुनबोक जातं फिरवत राहिला. सावा मध्ये आली.

"ज्याला जायचंय त्याला. याला कुठे जायचंय?"

"तू गप. मी त्याला विचारतोय."

"माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याला विचारताय, मी इथेच असणार."

"बघ पोरी, मी तुझ्या बापाच्या वयाचा. वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याच मोठमोठ्या सरदारांनी आपापले कारागीर लपवून ठेवलेत. वकील शंभर मागतात, हातावर पाच टेकवतात. आपण तरी मूठ उघडायला नको? एकेक डोकं मोजलं जातंय. आपल्याला तांदूळ हवाय त्यांच्याकडून."

"मग तुमचा बैल द्या."

"बैल त्यांनी मागितला नाही."

"नवरा तरी माझ्याकडे त्यांनी कुठे मागितलाय? तुम्ही मागताय."

गेन्झाकाका उठला. दारात थांबून त्याच्याशी त्या भाषेत काहीतरी बोलला. दोन वाक्यं. सुनबोकचं जातं थांबलं, मग फिरायला लागलं. सावाने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. नऊ वर्षं तिने ती भाषा घरात येऊ दिली नव्हती, आणि आता भाषा दारात उभी राहून तिच्या नवऱ्याशी बोलत होती आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, विचार कर."

"एवढंच? एवढ्याला इतके शब्द लागतात तुमच्यात?"

"आमच्यात लागतात."

"तुला जायचंय?"

"दाणे भिजलेत," सुनबोक म्हणाला. "दुसरी टोपली आण."

रात्रभर तिला झोप नव्हती. सकाळी विहिरीवर मला म्हणाली, "हो म्हणाला असता तर मी त्याला त्याच जात्यावर आपटला असता. नाही म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता. मेला दाणे म्हणाला."

विहिरीवरच्या बायका काही कमी नव्हत्या. तिच्यादेखत बोलायच्या. "एक माणूस परत दिला की किती पोती येतील गं?" "वीस तरी." "म्हणजे सावाकडे वीस पोती आहेत घरात." "दगडाखाली दाबून ठेवलीत." हशा. सावा घागर भरून चालायला लागायची. एकदा मात्र वळून म्हणाली, "तुमचे नवरे फुकट न्यायला सांगितले तरी कोणी नेणार नाही." त्या दिवसापासून तीन घरांनी टोफू घेणं बंद केलं.

उन्हाळ्यात बोटी आल्या. बंदरात वाऱ्यासाठी थांबल्या. इथून पुढे मोकळा समुद्र, आणि वारा दक्षिणेचा लागतो. वकील मंदिरात उतरले. परत चाललेली माणसं किनाऱ्यावर चटयांच्या आडोशाला होती. आम्ही हजारो म्हणून ऐकलं होतं. एवढीशी होती ती. बघताना लाज वाटली, आणि कशाची ते कळलं नाही.

त्यांच्यासाठी टोफू मागवला गेला. सुनबोकने कावड खांद्याला लावली, तर सावाने ती काढून घेतली. "तू दळ. मी आणि तात्सू नेतो."

"जड आहे."

"असू दे."

आम्ही किनाऱ्यावर वाटप करत होतो. गेन्झाकाका दुभाष्या म्हणून फिरत होता. एका चटईपाशी एक बाई बसली होती, साधारण आमच्याच वयाची. कपडे आमच्याकडचे, केसांची वेणी मात्र त्यांच्याकडची. पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या पाठीला टेकून झोपलेली. सावाने तिच्या पानावर तुकडा ठेवला. बाईने तो उचलला आणि मध्येच थांबली. मग हळूच आपला अंगठा तिने कोपऱ्यावरच्या खळग्यात ठेवला. खळगा मोठा होता, अंगठा लहान. ती तशीच बसून राहिली.

सावाला गेन्झाकाकाची गरज पडली नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या नाकपुड्या फुललेल्या मला दिसल्या.

बाईने वर बघून काहीतरी विचारलं. गेन्झाकाका जवळ आला. "हा कोणी केला म्हणून विचारतेय."

"सांगा, माझ्या बापाने केला."

गेन्झाकाका सावाकडे बघत राहिला. मग बाईकडे वळून बोलला. किती बोलला, काय बोलला, कोण जाणे. बाईने मान हलवली. सावाने कावड उचलली आणि उरलेला टोफू न वाटताच चालायला लागली.

वाटेत मला म्हणाली, "बारीक आहे. बघितलीस? हाताच्या काड्या झाल्यात. ह्या काडीसाठी माझा पांढरा भात." थोडं पुढे जाऊन, "मुलगी त्याची नाही. वय जुळत नाही." आणखी पुढे, "पण मुलगी आहे तिला." सावाला मूल नव्हतं. "सात वर्षं मी झाकण पुसलं तात्सू, आणि ही मेली नाही. इथे येऊन बसली." मग एकदम थांबून तिने माझा दंड धरला. "तू सांगणार नाहीस त्याला."

"मी कशाला सांगू?"

"वारा कधी फिरेल?"

"उद्या-परवा."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी वाटपाला निघायच्या आधी तिने सुरी घेतली आणि प्रत्येक तुकड्याचा तो कोपरा उडवला. सुनबोक मागे कापडं धूत होता. उडवलेले कोपरे तिने तोंडात टाकले, एकामागून एक, चावलेही नाहीत.

मालगुमच्या पानावर तिने तुकडा ठेवला. आता नाव घ्यायला हरकत नाही, ती तीच होती. मालगुमने तुकडा फिरवून बघितला. चारी कोपरे. सुरीने कापलेली जागा तिने बोटाने चाचपली. मग सावाकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात एखादी बाई दुसरीच्या पदराखालचं ओझं ओळखते, तसं. तिने तो तुकडा तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताचा अंगठा शाबूत कोपऱ्यावर टेकवला, दाबला, आणि तुकडा सावाच्या हातात परत दिला.

एक शब्द नाही. गेन्झाकाका लांब होता.

सावा तो तुकडा हातात घेऊन किनाऱ्यावरून चालत निघाली. पाणी निथळत होतं तिच्या कोपरापर्यंत. खडकापाशी ती बसली. मला वाटलं, समुद्रात टाकेल. तिलाही तसंच वाटत असावं, कारण दोनदा हात उचलला. मग मला वाटलं, खाईल. तिने तोंडाजवळ नेला, वास घेतला.

"काय म्हणतेय ती, तात्सू?"

"मला काय कळतंय."

"तुला कळतंय. म्हणतेय, सांग नाहीतर सांगू नकोस, पण मला मूर्ख समजू नकोस." तिने डोळे पुसले, ओल्या हाताने. "इतका माज. चटईवर बसलीये आणि इतका माज."

पताका दक्षिणेकडून फडफडायला लागल्या होत्या. बोटींवर माणसं दोर ओढत होती. सावा उठली आणि घराकडे निघाली. भरभर.

घरी तिने फळीवरून तो लाकडी वाडगा काढला. तुकडा त्यात ठेवला, झाकण लावलं आणि सुनबोकच्या पुढ्यात आणून आदळला. मी कावड घेऊन दारातच उभी होते. त्याने झाकण उचललं. टोफू गार होता, झाकण कोरडं. तो बघत राहिला. त्याने आपला अंगठा त्या खळग्याजवळ नेला, आणि आत न ठेवता मागे घेतला.

"कुठे?" त्याने विचारलं.

"खाली. चटईवर. वारा फिरलाय."

तो उठला नाही. म्हणाला, "सावा, मी जन्मभर वाफेत काम केलंय. गरम भातावरचं झाकण कोरडं राहत नाही."

सावाने हात पाठीमागे नेला.

"पहिल्या वर्षी कोरडं दिसलं तेव्हा मी ओढ्यावर जाऊन रडलो. दुसऱ्या वर्षी तुझी बाही ओली दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बाही ओली म्हणजे ती जिवंत आहे. दर वर्षी मी आधी तुझी बाही बघायचो, मग झाकण."

सावाने त्याची बाही मुठीत धरली आणि म्हणाली, "जा. लवकर जा." मूठ सोडायला मात्र विसरली. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि गेला.

नंतर जे बसणं होतं ते मी विसरणार नाही. सावा दाराकडे पाठ करून बसली, जशी त्याला बसवायची. दाणे निवडायला घेतले. चांगले दाणे टाकायची, किडके ठेवायची. "आत्ता ती रडत असेल," म्हणायची. "आता तो तिचा हात धरत असेल. त्या भाषेत बोलत असतील. किती वर्षांचं साठलं असेल, भराभर बोलत असतील." मग, "चमचा विहिरीत टाकायला नको होता मी." खालून शिडं चढवल्याचा ओरडा ऐकू आला. तिने कानांवर हात ठेवले. मी तिच्याजवळ सरकले नाही. माझा नवरा गेला तेव्हा मला ओरडाही ऐकू आला नव्हता.

सुनबोक आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. त्याच्या मागे गेन्झाकाका, लालबुंद.

"दाण्यांना पाणी घातलंस?" सुनबोकने विचारलं.

सावा मागे वळली नाही. "का आलास?"

"अगं त्याला काय विचारतेस, मला विचार!" गेन्झाकाका ओरडला. "मी मध्ये उभा होतो. हाताशी आलेलं डोकं गेलं माझं. तीच म्हणाली, येऊ नकोस. म्हणाली, तुझ्याबरोबर गेले तर नवऱ्यासमोर दुसऱ्याचं पोर घेऊन आलेली बाई ठरेन. एकटी गेले तर विधवा. विधवेला लोक कमी विचारतात. मी तिकडे सांगते तू मेलास, पोरीला तुझं नाव लावते. चालेल का? आणि हा बैल म्हणतो, चालेल!"

"तुम्ही काल तिला काय सांगितलंत?" सावाने विचारलं.

"तू सांगितलंस तेच. टोफू हिच्या बापाने केला म्हणून. फक्त हिचा बाप मेलाय, हेही सांगितलं."

सावा हसली की काय झालं तिला, मला कळलं नाही, पण खांदे हलले. गेन्झाकाका जाताना म्हणाला, "वकिलांच्या माणसाने विचारलं, इथला टोफूवाला कुठाय? त्या बाईने सांगितलं, वारला. मला मान डोलवावी लागली. दोन राज्यांचा तह आणि मी मेलेल्या माणसाकडून उद्या टोफू घेणार."

"घेऊ नका," सावा म्हणाली.

"घेईन. दुसरा आहे कोण?"

तो गेल्यावर सावा नवऱ्याकडे वळली. "नाव दिलंस तिला?"

"मेलेल्या माणसाचं दिलं."

"पण तुझंच ना?"

तो जात्यापाशी बसला.

पुढे दोन वर्षांनी कागदावर तह झाला आणि पहिला तांदूळ आला. तोपर्यंत घासाघीस चालूच होती, किती बोटी, कुठल्या बंदरात, कोणी कुठे बसायचं. तांदूळ आला तेव्हा बंदरात लोक नाचले. विहिरीवरच्या त्या तिघी पुन्हा टोफू घ्यायला लागल्या, जणू कधी बंद केलाच नव्हता.

सावाच्या घरातला तह त्याहून किचकट होता. बोटी गेल्यानंतरच्या पहिल्याच नव्या वर्षाला सुनबोकने वाडगा ठेवलाच नाही. मेलेल्या माणसाने कुणासाठी वाडगा ठेवायचा? सावा खूश होईल असं मला वाटलं होतं. दुपारी ती माझ्याकडे आली, चेहरा काळवंडलेला.

"वाडगा होता तोवर मला माहीत होतं ती कुठे आहे. कोपऱ्यात, झाकणाखाली. आता कुठे ठेवलीये त्याने? आत कुठे ठेवलीये?"

संध्याकाळी तिने स्वतः वाडगा काढला, भरला, झाकला आणि कोपऱ्यात ठेवला. सुनबोकने झाकण उचललं. थेंब होते. आणि खाली जव होतं.

"भात आहे ना घरात?" तो म्हणाला.

"भात आपल्याला. तिला जव."

वर्षानुवर्षं त्यांचं यावर भांडण व्हायचं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. तो म्हणायचा, निदान वर चार शितं घाल. ती म्हणायची, तुझ्या वाट्यातली घाल. तो घालायचा. ती मोजून बघायची. पण झाकण तिने पुसलं नाही. थेंब दिसले की दोघं गप्प व्हायची आणि मग जेवायला बसायची. जव आता माझ्याकडे यायचं. कोरडं लागायचं, पण मी खायचे.

सुनबोक गेला तो हिवाळ्यात, चार दिवस खोकून. म्हातारा झाला होता. सावा त्याच्यापेक्षा म्हातारी दिसायची. त्या वर्षी मेलेल्यांना वाढायच्या दिवशी तिने उघड्या वाडग्यात त्याला भात वाढला आणि शेजारी एक चमचा ठेवला. कुठून पैदा केला, विचारलं नाही मी.

नंतर नव्या वर्षाला मी तिच्याकडे गेले. कोपऱ्यात झाकलेला वाडगा होता. म्हटलं, अजून? तिने झाकण उचललं आणि मी बघत राहिले. पांढराशुभ्र भात, शिगोशीग, वाफाळलेला. इतका तिने स्वतःच्या पानातही कधी घेतला नव्हता.

"हे काय गं सावा? आज भात?"

"कळत कसं नाही तुला," ती चिडून म्हणाली. "तो तिकडे एकटा आहे. ही आधी गेली तर? त्याच्या शेजारी जाऊन बसेल, त्या भाषेत बोलत सुटेल. मी पोचेपर्यंत माझी जागा गेलेली असेल." तिने झाकण उजेडाकडे धरलं. डोळे अधू झाले होते, थेंब नीट दिसत नव्हते. बाही सवयीने पुढे आली आणि तिने ती दुसऱ्या हाताने मागे ओढली. मग बोट फिरवून बघितलं. ओलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "जग बाई. खा आणि जग. माझ्या आधी जाऊ नकोस."

तिने वाडगा पुन्हा झाकला, वर एक गोधडी टाकली, वाफ जाऊ नये म्हणून.